गुळाची पेठ आणि साखरेचा माग

शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली १८९५ साली. त्याच वर्षी जर्मनीत राँटजेनला क्ष-किरण गवसले. छातीतली गाठ त्यांत दिसे. मूत्राशयाचा कर्करोग शेजारच्या ग्रंथींत शिरलाय का, ते दिसेना. १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅनने रुग्णाचा मेंदू पाहिला, पुढे पोटही. सुजलेल्या ग्रंथी दिसू लागल्या, बारीक मात्र निसटत. २००४मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात पेट-सीटी आले. कर्कपेशी साखरेला हावरट, म्हणून किरणोत्सारी साखरच टोचायची! पण गंमत पाहा, ती लघवीवाटे मूत्राशयातच साठते नि मूळ गाठ झाकते. दूरचा प्रसार मात्र दाखवते. तो आधीच कळला, तर मूत्राशय काढून पोटाला कायमची पिशवी लावण्याची वेळ बहुधा येत नाही; आधी औषधे सुरू होतात.