गतकाळाचा विनोद आणि कालविपर्यास



आजचा विषय प्रथमदर्शनीं थट्टेचा वाटेल. परंतु तो सोलापुरांत बसून बोलावयाचा आहे, आणि सोलापूरचा इतिहास थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. म्हणून आरंभ हंसत केला तरी शेवटही हंसतच होईल असें वचन मी देत नाहीं.

दूरचित्रवाणीवर जुन्या काळचें एखादें बिऱ्हाड दाखवून प्रेक्षकांस हंसविणाऱ्या मालिका अधूनमधून होत असतात. वाड्याची ओसरी, पितळी कड्यांचा झोपाळा, कंदील, कोटटोपीतले कर्ते गृहस्थ आणि नऊवारी नेसलेली आजीबाई, एवढा संसार मांडला कीं पाहणाराचें मन आपोआप हळवें होतें. अशा वेळीं घरांतील एखादे वृद्ध गृहस्थ मध्येंच म्हणतात, “छे! त्या काळीं हें नव्हतेंच.” लगेच नातवंडें त्यांस गप्प बसवितात, “आजोबा, गंमत आहे ती! इतिहासाचा तास थोडाच आहे?” आज मला त्या आजोबांचें वकीलपत्र घ्यावयाचें आहे, मात्र त्यांच्या प्रत्येक तक्रारीचें नव्हे.

एका काळाची वस्तु, भाषा किंवा विचार दुसऱ्या काळांत घुसडणें याला आपण कालविपर्यास म्हणतों. तो नेहमींच दोष असतो असें नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील द्वारकेचीं माणसें मराठी घरांतल्यासारखीं रुसतात, थट्टा करतात, लग्नाचे बेत मांडतात. त्यामुळें नाटकाची गोडी वाढलीच. कारण पुराणकथा कोणताही सन सांगत नाहीं. पण जो लेखक भिंतीवर १९३० चें पंचांग टांगतो, त्यानें प्रेक्षकांस एक शब्द दिलेला असतो. तो शब्द कोठवर पाळावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची मराठी घरांत ओळख करून द्यावी लागत नाहीं. त्यांचे जनक चिंतामण विनायक जोशी हे बडोद्यास पाली भाषा शिकवीत. त्यांनीं चिमणराव रंगविला तो स्वतःच्या डोळ्यांसमोरच्या काळांतला. १९४० सालीं मास्टर विनायक यांनीं या कथांवर ‘लग्न पहावें करून’ हा चित्रपट काढला, तेव्हांही चिमणरावांचा कोट हा नुसता कोट होता. तसलेच कोट घालून प्रेक्षक समोर बसलेले होते. पुढें १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धांत मुंबई दूरदर्शननें तींच माणसें मालिकेंत आणिलीं. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि तो जुना कोट आतां वेषभूषा झाला. मधल्या काळांत स्वातंत्र्य आलें होतें, संस्थानें विलीन झालीं होतीं, महाराष्ट्र राज्य झालें होतें. माणसें तींच, पण पाहणारा बदलला होता. जोशी यांना आपल्या काळाबद्दल कालविपर्यास करणें शक्यच नव्हतें; त्यांच्या मागून येणाऱ्या प्रत्येक लेखकास मात्र तो टाळावा लागतो.

आतां आजोबांच्या तक्रारींतील सोप्या तक्रारी पाहूं. १९३० च्या घरांत कोणी ‘अर्धा किलो साखर’ मागितली तर ती चूक आहे; दशमान मापें आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें आलीं, तोंवर शेर आणि पायली यांचें राज्य होतें. रुपयाचे शंभर पैसे झाले १ एप्रिल १९५७ रोजीं. त्यापूर्वीं तीन पै म्हणजे एक पैसा, चार पैसे म्हणजे एक आणा आणि सोळा आणे म्हणजे एक रुपया. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण आजची मुलेंही वापरतात; पण चार आणि बारा मिळून बरोबर एक रुपया भरतो, हा तिच्यांतील हिशेब त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणजे चुकीनें इतिहासाचें फारसें बिघडत नाहीं, विनोदाचेंच बिघडतें.

याहून मौजेचें उदाहरण घड्याळाचें आहे. १९०६ सालीं हिंदुस्थानास एकच प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबईनें स्वतःची वेळ सोडली नाहीं. ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे, आणि मुंबईच्या नगरपालिकेनें तो पुढें पुष्कळ वर्षें जपला. रेल्वे मात्र प्रमाणवेळेनें धांवे. सोलापूरचा एखादा काटेकोर गृहस्थ मुंबईस लग्नाला गेला आहे, आणि कोणाच्या घड्याळानें अक्षता टाकावयाच्या याचा यजमानांशीं वाद घालीत आहे, असा प्रसंग कल्पनेंत आणून पहा. हा विनोद लेखकास शोधावा लागत नाहीं. इतिहासानें तो तयार करूनच ठेविला आहे. ऐतिहासिक अचूकपणा हा विनोदाचा शत्रु आहे असें मानणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

परंतु या सर्व वस्तूंच्या चुका झाल्या. मनाच्या चुका निराळ्या असतात. अमेरिकेंत ‘मॅश’ नांवाची विनोदी मालिका १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षें चालली. ती ज्या कोरियन युद्धावर रचलेली होती, तें १९५० ते १९५३ या तीन वर्षांतच आटोपलें होतें. तिच्यांतील लष्करी डॉक्टरांचे विचार पुष्कळदां १९५० च्या माणसांचे नसत, व्हिएतनामच्या युद्धानें पोळलेल्या पुढच्या पिढीचे असत. लेखकांनीं हें जाणूनबुजून केलें, आणि मालिका उत्तम झाली. पण ती कोरियाचा इतिहास सांगत नव्हती. उलट इंग्लंडांतील ‘डॅड्स आर्मी’ ही १९६८ ते १९७७ या काळांतील मालिका पहा. तिच्या दोन लेखकांपैकीं जिमी पेरी हे तरुणपणीं स्वतः त्या होम गार्ड दलांत होते. त्या मालिकेंतले म्हातारे शिपाई जर्मन फौज आज उतरेल कीं उद्यां, या धास्तींत कवायत करतात. फौज उतरणार नाहीं हें आपणांस ठाऊक आहे; त्यांना ठाऊक नाहीं. आपलें हंसूं या अंतरांतूनच उत्पन्न होतें, आणि त्यांचें धैर्यही त्यांतूनच दिसतें. पात्रांस भविष्य कळूं द्यावयाचें नाहीं, हा अशा लेखनाचा पहिला नियम म्हणतां येईल.

हा नियम आपल्या जिल्ह्यास लावून पाहूं. १९३० सालीं सोलापुरांतील एक कुटुंब पंढरपुरास निघालें आहे, असें समजा. कुर्डुवाडीस गाडी बदलून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून त्यांना जावें लागलें असतें. पडद्यावर रुंद रुळांची गाडी दिसली, तर आजोबांनीं ती चूक पोटांत घालावी. पण तेंच कुटुंब मंडळींसह देवळांत शिरलें, आणि त्या गर्दींत सर्व जातींचे भक्त खांद्याला खांदा लावून विठ्ठलाच्या पायांवर डोकें ठेवतांना दिसले, तर ती चूक पोटांत घालण्यासारखी नव्हे. अस्पृश्य मानलेल्या भक्तांना तें दार बंद होतें. चोखोबांची समाधि आजही महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केलें, तेव्हां कोठें तें दार उघडलें. पडद्यावर तें सतरा वर्षें आधीं उघडून टाकणें म्हणजे चांगुलपणा दाखविणें नव्हे. ज्यांना बाहेर उभें केलें त्यांचें बाहेर उभें राहणें पुसून टाकणें होय. गतकाळाच्या हळवेपणाचा खरा धोका हा आहे. तो जुन्या घरांतला धूर झाडून टाकतो, आणि त्याबरोबर चुलीपुढें बसलेलें माणूसही.

आतां सोलापूर शहराकडे येतों. ५ मे १९३० रोजीं महात्मा गांधींस अटक झाली आणि सोलापुरांत असंतोष पेटला. ८ मे रोजीं गोळीबार झाला, आणि त्यानंतर कांहीं दिवस या शहरांतून सरकारी अंमल जणूं उठून गेला. १२ मे रोजीं मार्शल लॉ पुकारण्यांत आला. त्याच वर्षीं सोलापूरच्या नगरपालिकेनें आपल्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण उभारलें होतें; मार्शल लॉच्या अमलांत तें निशाण मिरविणें गुन्हा ठरलें. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आली.

या दिवसांवर कोणी मालिका काढली तर तींत विनोद असूं नये, असें मी म्हणणार नाहीं. त्या उन्हाळ्यांतही सोलापूरच्या घरांत माणसें हंसलीं असतील. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांच्या शेजारांत गैरसमजांची मौज कधीं कमी पडली नसेल. एखादा भित्रा कारकून गांधी टोपी कोटाच्या आंत लपवून कचेरींत गेला असेल. त्यावर खुशाल हंसावें. मात्र त्या प्रसंगीं जें निशाण दाखवावयाचें, तें कोणतें?

आज आपण ज्याला तिरंगा म्हणतों, तें नव्हे. १९२१ पासून चळवळींत जें निशाण फिरत होतें, त्यांत वर पांढरा, मध्यें हिरवा आणि खालीं तांबडा असे पट्टे असून त्यांवर चरखा होता. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम काँग्रेसनें ठरविला तो १९३१ च्या ऑगस्ट महिन्यांत. आणि चरख्याच्या जागीं अशोकचक्र आलें तें २२ जुलै १९४७ च्या घटना समितीच्या ठरावानें. तारखा जुळवून पहा. सोलापूरचे ते चौघे जानेवारींतच गेले. आपण ज्या निशाणास आज वंदन करतों, तें त्यांनीं कधीं पाहिलेंच नाहीं.

कोणी म्हणेल, पट्टा वर गेला काय आणि खालीं आला काय, भावना तर तीच ना? रुळांच्या रुंदीबद्दल मीं हेंच म्हटलें होतें, हें खरें. पण निशाण म्हणजे रूळ नव्हे. आजचा झेंडा त्यांच्या हातांत दिला, कीं शेवट ठाऊक असलेल्या कथेंत आपण त्यांना उभें करतों. जणूं १९४७ साल ठरलेलेंच होतें, आणि त्यांनीं फक्त वाट पहावयाची होती! वस्तुस्थिति अशी कीं त्यांना कांहींच ठाऊक नव्हतें. स्वराज्य येईल कीं नाहीं, आलें तर केव्हां, त्याचें निशाण कोणत्या रंगांचें असेल, हें सर्व अनिश्चित असतां लोकांनीं तो कापडाचा तुकडा उंच धरला. ती अनिश्चितता काढून घेतली कीं त्यांचें धैर्यही काढून घेतलें जातें.

म्हणून आजोबांना माझी विनंति आहे, कीं त्यांनीं डब्यांबद्दल आणि कंदिलांबद्दल उदार व्हावें. आणि नातवंडांना विनंति आहे, कीं आजोबा “त्या काळीं हें नव्हतें” असें म्हणाले, तर दूरचित्रवाणीचा आवाज क्षणभर कमी करून “मग काय होतें?” असें विचारावें. लेखकांनींही तेंच करावें. जुनीं वर्तमानपत्रें, त्यांतील जाहिराती, घरांतल्या हिशेबाच्या वह्या आणि वृद्धांच्या आठवणी यांत विनोदाची सामग्री भरपूर पडलेली आहे. सोलापुरांत चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. त्यांच्यावरून रोज जातांना कोणीं मान वर केली, तर एवढें आठवावें, कीं या माणसांना पुढचें पान वाचावयास मिळालें नव्हतें.