आपल्या ताटाचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे

चार माणसे एकत्र बसली की जेवणाचा विषय निघतोच. कोणी वांग्याचे कालवण कसे करायचे ते सांगतो, कोणी अमुक हॉटेलच्या तर्रीची तारीफ करतो, कोणी शाळेतल्या डब्याची आठवण काढतो. या गप्पा साध्या वाटतात. पण घरचा पदार्थ, गावचे हॉटेल आणि शाळेचा डबा या तिन्ही ठिकाणी आपल्या देशात जात आधी जाऊन बसलेली होती. त्यामुळे आपल्या समाजाच्या जेवणाच्या आठवणी हा इतिहासाचा कच्चा माल आहे, आणि तो आपण डोळ्यांदेखत वाया घालवत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाथरीचेच पाहा. पाथरी म्हटले की बाहेरच्या लोकांना साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. इतिहासाची आवड असणारा सांगेल की ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून पाथरीची नोंद आहे, पुढे हा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. हे सगळे खरे आहे. पण या सगळ्या काळात इथल्या महारवाड्यात, मांगवाड्यात रोज संध्याकाळी चुलीवर काय शिजत होते, हे कुठल्या बखरीत किंवा गॅझेटियरमध्ये शोधायचे? ते फक्त आपल्या आज्यांना माहीत आहे.

चुलीवर काय होते?

परभणी हा ज्वारीचा जिल्हा. आज ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण लोह आणि जस्त जास्त असलेले म्हणून नावाजले जाते, २०२३ हे वर्ष तर जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आपल्या घरांत मात्र ज्वारी ही कधी आरोग्याची चैन नव्हती. भाकरीला पीठ पुरले नाही की कण्या शिजायच्या, कण्यांनाही पुरले नाही की आंबील व्हायची. भाजी म्हणजे रानातून खुडून आणलेला पाला: घोळ, तरोटा, अंबाडी, चिंचेचा चिगूर. गावाच्या नावाचीच ‘पाथरी’ नावाची एक रानभाजी आहे, ती तर भाकरीबरोबर कच्चीच खाल्ली जाते. कालवणाला दाटपणा यावा म्हणून येसर, म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेले पीठ. ज्या घरात तेलाची धार मोजून सोडली जायची, त्या घरात चव येसरनेच आणली.

आणि मांस. पण मांसाचे कोणते भाग? वजडी, रक्ती, मुंडी, पाय. चांगला वाटा ज्यांना परवडत होता त्यांच्याकडे गेल्यावर जे उरायचे ते. जास्तीचे मांस मिळालेच तर त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. या चान्या पावसाळ्यात, हाताला काम नसताना, निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात टाकून खाल्ल्या जायच्या. वजडी किती पाण्यांतून धुवायची, रक्तीत कांदा कधी टाकायचा, चानीला कीड लागू नये म्हणून काय करायचे, हे सगळे शास्त्र आपल्या बायांनी उभे केले. उरलेसुरले रुचकर करण्याची ही विद्या कोणत्याही विद्यापीठाने शिकवली नाही.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि ते घराघरांत पोचले. ते मोठे काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वजडी, रक्ती, चान्या तिथे सापडणार नाहीत. ‘महाराष्ट्रीय पदार्थ’ म्हणजे काय, हे ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांच्या स्वयंपाकघरावरून ठरले. ही उणीव भरून काढायला फार उशीर लागला. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर काम केले. २०१५ मध्ये मराठवाड्यातलेच शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक आले. महार आणि मांग समाजांचे खाणे त्यांनी पदार्थांसह आणि त्यामागच्या व्यवस्थेसह मांडले. नावातच उत्तर आहे. ज्याला पूर्णब्रह्म म्हणतात ते अन्न गावकुसाबाहेर कधी पूर्ण पोचलेच नाही. भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला आणि मराठवाड्याची चूल जगापुढे गेली.

“बाबासाहेबांनी सोडायला सांगितले, मग कशाला उकरता?”

वस्तीत हा विषय काढला की कार्यकर्त्यांकडूनच एक आक्षेप येतो. “बाबासाहेबांनी ते खाणे सोडायला लावले. आपण बौद्ध झालो. आता ती घाण पुन्हा चघळायची कशाला?” हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे आवाहन केले. हे आवाहन चवीबद्दल नव्हते. मेलेले ढोर ओढून नेणे ही गावाने लादलेली सक्ती होती आणि त्याचे मांस हा त्या सक्तीचा मोबदला. दारोदार फिरून गोळा केलेली शिळी भाकरी हाही मोबदलाच. हा मोबदला घेत राहाल तोवर गावाची गुलामी सुटणार नाही, असा त्यामागचा विचार होता. ज्या दिवशी लोकांनी तो मोबदला नाकारला, त्या दिवशी गावगाड्याचा एक खिळा निखळला.

त्या परिषदेत अन्नपाण्याचे काय झाले तेही आठवा. प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. २० मार्चला लोक चवदार तळ्याचे पाणी पिऊन मंडपात परतले, जेवायला बसले, आणि सवर्णांच्या जमावाने हल्ला करून त्यांचे अन्न मातीत मिसळले. हल्लेखोरांना समोरच्या पानात मांस आहे की वरणभात, याच्याशी काहीच कर्तव्य नव्हते. अस्पृश्य माणूस ताठ मानेने जेवतो आहे, हेच त्यांना सहन झाले नाही.

याची खात्री पटत नसेल तर ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणातले उदाहरण वाचा. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातभाईंना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले. लाठ्या घेऊन आलेल्या सवर्णांनी जेवणाऱ्यांना मारले, अन्नाची नासाडी केली. कारण तूप खाणे हा मान त्यांचा होता, तो तुम्ही कसा घेता? म्हणजे आपण मेलेले ढोर खाल्ले तर आपण घाणेरडे, आणि शुद्ध तूप खाल्ले तर माजलेले. दोष पदार्थात नव्हताच, हे याहून स्पष्ट कसे सांगायचे?

१९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तर बाबासाहेबांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध थेट इतिहासाचा प्रश्न म्हणून हाताळला. ते खाणे लपवले नाही, त्याची लाज बाळगली नाही. त्याला पुरावा म्हणून समोर ठेवले आणि त्यावर आपला सिद्धांत उभा केला. मग आपणच लपवायचे का?

काही तरुण आता शाकाहाराला बौद्ध असण्याची खूण समजतात. ज्याला शाकाहारी व्हायचे त्याने खुशाल व्हावे. पण २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे, मांस न खाण्याची नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. सक्तीचे अन्न नाकारणे हा स्वाभिमान आहे. शेजारच्या सवर्णाला बरे वाटावे म्हणून आजीच्या वजडीची लाज बाळगणे म्हणजे स्वाभिमान गहाण टाकणे आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

हॉटेलातली कपबशी

आवडत्या हॉटेलची गोष्ट सांगणाऱ्याला हे माहीत असावे की शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसाला हॉटेलच्या बाकावर बसणे हीच लढाई होती. कोल्हापूरला गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा सवर्ण गिऱ्हाईक फिरकत नव्हते. राजर्षी शाहू महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे थांबून चहा प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. एका राजाला एक कप चहा चळवळ म्हणून प्यावा लागला, इतकी ती गाठ घट्ट होती.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. काही लोक सांगतात की मुसलमानी मुलखात विटाळ नव्हता. वस्त्यांतली जुनी माणसे मुस्लिम खानावळीत जात न विचारता ताट मिळाल्याचे सांगतात, आणि ते खोटे मानायचे कारण नाही. पण १९३४ ची दौलताबादची घटनाही विसरता येत नाही. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून मुसलमानांचा जमाव अंगावर आला, आणि आत पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत पहारेकरी दिला गेला. दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासात आहेत, दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

बाबासाहेब संविधान लिहायला बसले तेव्हा हा सगळा अनुभव पाठीशी होता. अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने आणखी खोलात जाऊन हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. कायद्याला भांड्यापर्यंत उतरावे लागले, कारण जात भांड्यापर्यंत उतरली होती. तरीही चहाच्या टपरीवर वेगळी ठेवलेली, स्वतःच विसळून ठेवायची कपबशी त्यानंतर अनेक वर्षे मराठवाड्यातल्या खेड्यांत टिकली. ती कपबशी कोणत्या गावात कधी गेली, कोणी उचलून आपटली, हे कुठे लिहिले आहे? ते सांगणारी माणसे अजून हयात आहेत.

शाळेतली भूक

शाळेच्या डब्याची सर्वांत मोठी आठवण बाबासाहेबांचीच आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. १९०१ साली वडिलांना भेटायला ही लहान भावंडे गोरेगावला निघाली, तेव्हा सोबत अन्नाची टोपली भरलेली होती. रस्त्यात कोणी पाणी दिले नाही, म्हणून भरल्या टोपलीशेजारी मुले उपाशी झोपली. भूक फक्त गरिबीने लागत नाही, जातीनेही लागते, हे समजायला एवढे पुरेसे आहे.

आपल्या वडिलांच्या पिढीची आठवण १९७२ च्या दुष्काळाची. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि सुकडी. आमच्या पिढीची आठवण तांदळाची. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत मिळू लागला. ज्वारीच्या मुलखात भात असा शाळेच्या वाटेने घरात आला. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा खिचडी आली.

या खिचडीमागची एक गोष्ट आपल्या तरुणांना फारशी माहीत नसते. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असे म्हटले. सगळ्या जातींच्या लेकरांनी आपल्या बाईच्या हातचे खावे, हा केवढा मोठा बदल होता! शाळेची पंगत हे रोजचे सहभोजन होऊ शकत होते. म्हणूनच देशात अनेक ठिकाणी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवायला पालकांनी मुलांना मनाई केली. तुमच्या गावच्या शाळेत चुलीजवळ कोण आहे? कधी पाहिले आहे?

आता अंड्याचे घ्या. प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्याला केळी. लगेच विरोध सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी बंद केला आणि शाळांनी लोकसहभागातून काय ते करावे असे सांगितले. ज्याच्या घरी अंडे येत नाही त्याच्या ताटातले अंडे गेले, आणि ज्यांच्या मुलांचे काहीच अडले नव्हते त्यांचे समाधान झाले.

मग करायचे काय?

एकत्र जेवल्याने जात जाते का? अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घातली, त्या माणसाची तळमळ खरी होती. पण सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले होते. आज महागड्या हॉटेलात झुणका-भाकर ‘गावरान थाळी’ म्हणून मिळते, आणि ती खाऊन आलेला माणूस घर भाड्याने देताना आडनाव विचारतो. म्हणून ताट एकत्र आले की काम संपले, असे आम्ही म्हणत नाही.

आम्ही दोन कामे सांगतो. पहिले, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. पदार्थ कसा करायचा एवढेच लिहू नका. धान्य कुठून यायचे, कोणाच्या दारात मागावे लागायचे, कोणते मांस कोणाकडून मिळायचे, ते कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून सोडले, हॉटेलात पहिल्यांदा कधी बसलात, हे विचारा. गावाचे नाव आणि अंदाजे साल लिहा. त्याला चव म्हणून मिरवू नका, घाण म्हणून पुरू नका. तो पुरावा आहे. दुसरे, शाळा व्यवस्थापन समितीत जा. खिचडी कोण शिजवते, मुले कशी बसतात, अंडे का नाही, हे बैठकीत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

आज्या एकेक करून जात आहेत. या पावसाळ्यात वही काढा.

जयभीम!