नऊ मूळ संख्या कशी ठरली?
मंडळी, भागून पाहण्याची ही रीत फिबोनाचीने १२०२ साली ‘लिबर अबाची’त सांगितली. वर्गमुळापर्यंत भागून पाहा, पुढे जायला नको. आम्ही ती संगणकाला शिकवली, तर त्याने ४, ९, २५, ४९ मूळ ठरवल्या! नेमके मूळ संख्यांचेच वर्ग. मग सापडलं: ‘वर्गमुळापर्यंत’ऐवजी आम्ही ‘वर्गमुळाहून लहान’ लिहिलं होतं. ९ ला ३ ने भागायची वेळच आली नाही.

यादीत १ सुद्धा शिरला होता. पण डी. एन. लेमर यांच्या १९१४ च्या छापील यादीतही तो पहिलाच आहे. तिथे ती चूक नव्हती, व्याख्याच वेगळी होती. यंत्राला व्याख्या कळत नाही हो; आपण लिहिलं, तेवढंच ते करतं. म्हणून आधी आपलं म्हणणं तपासायचं, मग यंत्र.