सीडी१९ : खारघरच्या कार-टी थेरपीमागचं प्रोटीन

प्रोटीन म्हटलं की डाळ, अंडी आणि जिमला जाणाऱ्या मित्राचा डबा आठवतो. इथे विषय आहे तो शरीर स्वतः बनवतं त्या प्रोटीन्सचा. त्यांच्या तपासणीवर एखादा अख्खा उपचार कसा उभा राहतो, याचं उदाहरण पनवेल तालुक्यातच आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या केंद्रात, ४ जून २०२१ रोजी भारतातली पहिली कार-टी सेल थेरपी झाली. तिचा नेम असतो सीडी१९ या प्रोटीनवर.

जीन्स तपासून भागत नाही का?

शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जीन्स तेच असतात. कोणती पेशी त्यातून कोणती प्रोटीन्स बनवते, तिथे फरक पडतो. वहीत पुरणपोळीची कृती लिहिलेली आहे म्हणून आज घरात पुरण शिजलंय असं नाही. ते बघायला स्वयंपाकघरातच जावं लागतं. सीडी१९ची कृती यकृताच्या पेशीकडेही आहे, पण ते प्रोटीन प्रामुख्याने दिसतं बी-पेशींवर. अँटिबॉडी बनवण्याचं काम या पांढऱ्या पेशींच्या वंशाकडे असतं. ब्लड कॅन्सरचे काही प्रकार याच पेशींतून सुरू होतात.

ते शोधतात कसं?

फ्लो सायटोमेट्रीने. रक्ताच्या किंवा बोनमॅरोच्या नमुन्यात चमकणारा रंग लावलेल्या अँटिबॉडी मिसळतात. त्या ठरावीक प्रोटीनलाच चिकटतात. मग पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि कुठली चमकली याची नोंद मशीन ठेवतं.

थेरपीत याच खुणेचा वापर होतो. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढतात, सीडी१९ ओळखणारा रिसेप्टर त्यांच्यावर यावा म्हणून लॅबमध्ये जीन घालतात, पेशी वाढवतात आणि परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. चाचण्यांमध्ये ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. हे सगळे असे रुग्ण होते, ज्यांचा कॅन्सर आधीच्या उपचारांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता. मात्र प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे, हे व्हॉट्सॲपवर ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ फॉरवर्ड करणाऱ्यांनी जरूर वाचावं.

टी-पेशी कामाला लागल्या की सायटोकाइन नावाची प्रोटीन्स सोडतात. ती फार झाली तर तीव्र ताप येतो, बीपी पडतं. म्हणून सीआरपी आणि फेरिटिनवर लक्ष ठेवतात. कोविडच्या रिपोर्टमध्ये पाठ झालेली हीच ती नावं, आणि ही दोन्हीही प्रोटीन्सच. शिवाय निरोगी बी-पेशींवरही सीडी१९ असतं. त्याही मारल्या जातात, अँटिबॉडी कमी होतात आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो. काहींना बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं.

काही रुग्णांत कॅन्सर परततो तो सीडी१९ टाकूनच. पेशी कॅन्सरचीच, पण खूण गायब. टी-पेशी समोर असूनही तिला ओळखत नाहीत. त्यामुळे आजार उलटला की आधीच्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही, प्रोटीन्सची तपासणी नव्याने करावी लागते. सीडी१९ दिसलं नाही तर सीडी२२सारखी दुसरी खूण शिल्लक आहे का, ते पाहतात.