अक्षरांचा उठाव : छिन्नीपासून संगणकापर्यंत

अक्षर पृष्ठभागावरून उठून दिसावे, ही माणसाची हौस संगणकाहून पुष्कळच जुनी आहे. आपल्याकडील देवनागरी शिलालेख व ताम्रपट बहुधा अक्षरे खोदून केलेले आढळतात. उलट सुलतानी अमदानीतील फारसी-अरबी लेखांत भोवतालचा दगड काढून अक्षर उचललेले पुष्कळदा दिसते. दोन्हींत खोली खरी होती व ती दाखविण्याचे काम सूर्यप्रकाश करी. कागदावर खोली नाही. तेथे प्रकाशाचा आभासच निर्माण करावा लागतो.

या आभासाचे मर्म अमेरिकेत डेव्हिड रिटनहाउस यांनी १७८६ मध्ये आणि स्कॉटलंडात डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८२६ मध्ये तपासले. प्रकाश कोठून येतो याविषयी मन जे गृहीत धरते, त्यावर उठाव की खोलगटपणा हे ठरते. सामान्यतः प्रकाश वरून येतो, असे डोळा मानून चालतो. वरची कड उजळ व खालची काळोखी असेल, तर अक्षर उठावाचे भासते. उलट असेल, तर कोरलेले. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ च्या सुमारास छायेसह अक्षरांचे खिळे ओतले, ते याच तत्त्वावर. ‘बेन-हर’ (१९५९) या चित्रपटाच्या जाहिरातीतील प्रचंड पाषाणाक्षरे आणि आपल्या बाजारपेठांतील रंगाऱ्यांनी हाताने काढलेल्या पाट्या हीदेखील त्याच परंपरेतील.

टॉमस व जॉन नॉल या बंधूंचे ‘फोटोशॉप’ १९९० मध्ये बाजारात आले. १९९४ च्या आवृत्तीत चित्राचे थर वेगळे ठेवण्याची सोय झाली. मग अक्षरांचा थर एकेक बिंदू सरकवीत त्याच्या अनेक प्रती एकाखाली एक रचायच्या, खालच्या प्रतींना गडद रंग द्यायचा, की अक्षराला जाडी आल्यासारखे दिसे. १९९८ मध्ये सावली व कडांचा उठाव हे परिणाम तयारच मिळू लागले. २०१० च्या विस्तारित आवृत्तीत सपाट अक्षरांपासून खरी त्रिमितीय आकृती घडविता येऊ लागली. ते त्रिमितीय विभाग कंपनीने २०२१ पासून मागे घेण्यास आरंभ केला. सावली व उठावाचे साधे परिणाम मात्र टिकून आहेत. त्यांच्या अनेक आवृत्त्यांत प्रकाशाचा कोन आपोआप १२० अंश, म्हणजे डावीकडून वरचा, ठरलेला असे. रंगारी जे डोळ्याने ठरवीत असे, ते आता आकड्यांनी ठरू लागले.

येथेच आम्हां मराठी वाचकांनी सावध व्हावे. रोमन अक्षरे सुटी सुटी उभी असतात. देवनागरीचा शब्द शिरोरेषेने एकत्र बांधलेला असतो. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत भेद करणारी एक मुख्य खूण म्हणजे शिरोरेषेतील लहानशी फट. जाडी वा सावली भरपूर दिली, की ती फट बुजते आणि लांबून ‘धन’चे ‘घन’ होते. शिरोरेषेची सावली खालच्या अक्षरांवर पडते, मात्रा व अनुस्वारांची सावली शिरोरेषेवर. देखणेपणापायी शब्दच हरवावा, हे कोणास रुचेल?

उपाय सोपा आहे. अंतर कमी ठेवावे, बाजूच्या जाडीला अक्षराच्या रंगाहून स्पष्ट वेगळा रंग द्यावा, एका पाटीवरील सर्व अक्षरांवर प्रकाश एकाच दिशेने पाडावा आणि छापण्यापूर्वी मजकूर चार पावले दूर जाऊन वाचावा. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून, संस्थांतून व दुकानांतून मराठी पाटी हीच पुष्कळदा भाषेची दारावरची खूण असते. ती उठून दिसावी, हे योग्यच. परंतु आधी ती वाचता यावी.