घाईची आशा आणि सावकाश झालेले काम

मार्च १९७७. आणीबाणीची एकवीस महिन्यांची घुसमट मतपेटीतून बाहेर पडली आणि खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. २४ मार्चला राजघाटावर जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत जनता पक्षाच्या खासदारांनी शपथ घेतली. त्याच दिवशी ८१ वर्षांचे मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. लोकांना सारे काही उद्याच हवे होते. महागाई उतरावी, भ्रष्टाचार जावा, दोषींना शासन व्हावे.

पण हा पक्ष म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर बांधलेली मोट होती. संघटना काँग्रेस, जनसंघ, समाजवादी आणि लोकदल एकत्र आले, पुढे जगजीवनरामही मिळाले. मने मात्र जुळली नाहीत. पंतप्रधानपदाची आस तिघांना होती. घाईचे फळही लगेच दिसले. ऑक्टोबर १९७७मध्ये इंदिराजींना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिले. दुहेरी सदस्यत्वाचा वाद विकोपाला गेला, जुलै १९७९मध्ये मोरारजींनी राजीनामा दिला आणि जानेवारी १९८०मध्ये त्याच मतदारांनी इंदिराजींना पुन्हा सत्तेवर बसवले.

मग सारे पाण्यात गेले का? तसे म्हणता येणार नाही. राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीची गादी आली. ती आजही आपल्या पाठीला ठाऊक आहे.

त्याहून मोठे काम गाजावाजा न होता झाले. ते म्हणजे १९७८ची ४४वी घटनादुरुस्ती. राज्यसभेत बहुमत काँग्रेसचे होते, त्यामुळे विरोधकांशी बोलून, काही कलमे सोडून देऊनच ती संमत झाली. 'अंतर्गत अशांतता' या मोघम कारणाऐवजी 'सशस्त्र बंड' हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही, असे ठरले. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हेही ठरले.

नव्या नेत्याकडून आपण चमत्कार मागतो. तो बहुधा घडत नाही. त्याने कायद्यात काय लिहून ठेवले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. जनता सरकार अठ्ठावीस महिन्यांत गेले, पण त्या दुरुस्तीचे कुंपण अजून उभे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)