भित्र्या कुत्र्याचें शिक्षण

परका मनुष्य किंवा दुसरा कुत्रा दिसतांच साखळी ताणून भुंकणारा कुत्रा आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. आपण त्याला द्वाड म्हणतों, आणि धनी त्याच्या पाठींत छडी घालतो. परंतु असा कुत्रा पुष्कळदां द्वाड नसून भ्यालेला असतो. आणि भय हें अवज्ञेहून अगदीं निराळें आहे. ही साधी गोष्ट उमगावयास फार काळ लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शिक्षण म्हणजे जरब, असाच समज रूढ होता. जर्मनींत पोलिसांचे कुत्रे तयार करणारे कोनराड मोस्ट यांनीं १९१० सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत बक्षिसालाही स्थान होतें. पण सक्ति हाच त्या पद्धतीचा कणा होता.

पुढें १९२४ च्या सप्टेंबरांत लेनिनग्राड येथें नेवा नदीला महापूर आला. पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. चढत्या पाण्यांतून त्यांना पोहवीत बाहेर काढावें लागलें. पूर ओसरल्यावर त्यांतील एक कुत्रा शिकलेलें सारें विसरल्यासारखा वागूं लागला. प्रयोग करणारा मनुष्य खोलींत त्याच्याजवळ येऊन बसला, म्हणजे मात्र तें शिक्षण परत येई. कालांतरानें तो सुधारला. तरी दाराखालून पाण्याची बारीक धार सोडतांच जुना विकार पुन्हां उफाळला. एका दिवसाचें भय इतकें खोल मुरतें, आणि तें निवतें तें सोबतीनें.

त्याच वर्षीं अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स यांनीं सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या लहान मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुलाला आवडीचा खाऊ द्यावयाचा, आणि तो खात असतां पिंजऱ्यांतला ससा लांब ठेवावयाचा. मूल निर्धास्त दिसलें कीं ससा थोडा जवळ आणावयाचा. अखेरीस पीटर सशाला कुरवाळूं लागला.

आज भित्र्या कुत्र्यांना शिकवितात तें याच रीतीनें. दुसरा कुत्रा दिसेल, पण आपला भुंकणार नाहीं, इतक्या अंतरावर उभें राहावें. तो दिसला कीं लगेच आवडीचा घांस द्यावा. दिसेनासा झाला कीं थांबावें. असे अनेक दिवस गेल्यावर अंतर थोडें कमी करावें. कुत्रा भुंकलाच, तर आपण घाई केली असें समजून मागें सरावें.

भुंकणाऱ्याला खाऊ देणें म्हणजे त्याचे लाड करणें नव्हे काय, असें कोणी विचारील. परंतु घांस भुंकण्याचें बक्षीस नसतो. ज्याची धास्ती वाटते त्याच्या दर्शनाशीं सुखाची सांगड घालण्याचें तें साधन होय. छडीनें भुंकणें थांबेलही. पण भय आंत तसेंच राहतें, आणि परक्याच्या दर्शनाशीं वेदनेची गांठ पडते. मग असा कुत्रा एखादे दिवशीं न गुरगुरतां चावतो. म्हणूनच प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संस्थेनें २०२१ सालीं सर्व कुत्र्यांसाठीं, अंगावर धावणाऱ्यांसाठींसुद्धां, बक्षिसाचीच पद्धति सुचविली.

तेव्हां श्रोतेहो, दारचा कुत्रा भुंकूं लागला, तर छडी शोधण्यापूर्वीं तो कशाला भ्याला आहे, हें आधीं पाहावें.